डाव्या हातावरचे सहा

बाबा गणिताचे मास्तर. ते बोटांवर सहाच्या पद्धतीने मोजत. उजव्या हातावर एक ते पाच. सहा झाले की उजवी मूठ मिटायची आणि डाव्या हाताचं एक बोट उघडायचं. उजवीकडे ज्या बोटाची किंमत एक, डावीकडे त्याचीच सहा. असं करत दोन हातांवर पस्तीसपर्यंत जाता येई. "किंमत जागेला असते," ते वर्गात सांगत.

अर्धांगवायूने त्यांचा डावा हात गेला.

काल दुपारी ते खिडकीतून तारेवरचे पोपट मोजत होते. पाच बोटं उघडली. सहावा पोपट येऊन बसला. त्यांनी मूठ मिटली आणि पांघरुणावर पडलेल्या डाव्या हाताकडे बघत राहिले. एक हात गेला म्हणजे निम्मं गेलं, असं भेटायला येणाऱ्यांना वाटतं. बाबांच्या मोजणीत पस्तिसांतले पाचच उरले होते.

आईने जवळ येऊन त्यांचं डावं बोट उभं केलं. "हे घ्या सहा."

तिने हात काढताच ते पडलं. तिने पुन्हा उचललं.

"राहू दे," बाबा म्हणाले. "पाचापर्यंत पुरे."

आईने बोट सोडलं नाही, पण मोजणं तिथेच थांबलं.