शेवटचा आत येईपर्यंत

बस डेपोतून निवृत्त झाल्यावर टाइमकीपरनं अठरा मेंढ्या घेतल्या, तेव्हा डेपोतले लोक म्हणाले, गाड्या सुटल्या, आता हा मेंढ्यांच्या वेळा लावणार. झालंही तसंच. कळप सकाळी सव्वानऊला बाहेर, संध्याकाळी पाचला आत. जमीन थोडीशी. एका टोकाला घर आणि मेंढ्यांचा वाडा, दुसऱ्या टोकाला कोरडा कालवा. तिथवर गवत. शेजारीण म्हणायची, "आमचं घड्याळ बंद पडलं तरी चालतं, यांच्या मेंढ्या दिसल्या की मी चहा टाकते."

राखणीला कुत्र्याचं पिल्लू आणलं ते एका मेंढपाळाकडून. टाइमकीपरनं त्याला नाव ठेवू दिलं नाही. "नाव ठेवलं की लाड आले, लाड आले की ते घरात आलं, घरात आलं की मेंढ्या वाऱ्यावर." पिल्लू कोकरांबरोबर वाढलं, त्यांच्याच गव्हाणीशेजारी झोपलं. टाइमकीपर त्याला 'शिपाई' म्हणायचा. बायकोनं एकदा चोरून त्याच्या कानामागे खाजवलं, तेव्हा नवऱ्यानं दिवसभर अबोला धरला. पुढे तिनं हात लावला नाही. कुत्रा वासराएवढा झाला, मळकट पांढरा. मानेला खिळ्यांचा पट्टा. तो मेंढपाळानं स्वतःच्या हातानं केलेला. लांडग्यानं गळा धरला तर त्याचंच तोंड फाटावं म्हणून.

बायको शाळेचे गणवेश शिवते. सगळे तिला टेलरबाई म्हणतात. तिची मशीन खिडकीशी आहे आणि खिडकीतून वाड्याचं फाटक दिसतं. चार वर्षं तिनं रोज पाचला एकच गोष्ट पाहिली. कुत्रा फाटकाच्या डाव्या बाजूला उभा राहायचा. मेंढ्या आत जायच्या. मागून नवरा यायचा, काठी भिंतीला टेकवायचा. मग सगळ्यात शेवटी कुत्रा आत शिरायचा. नवऱ्याच्या आधी तो एकदाही आत गेला नाही.

आठ महिन्यांपूर्वी कळप पाचला परतला. नवरा मागे नव्हता.

टाइमकीपर कालव्यात पडला होता. डोकं दगडावर आपटलेलं, श्वास चालू. टेलरबाई सातला शोधायला निघाली, तेव्हा तो सापडला. दवाखान्यात नेला, दुसऱ्या दिवशी सकाळी वारला. डॉक्टर म्हणाले, "दोन तास आधी आणलं असतं, तर," आणि पुढचं वाक्य कागदाकडे बघत गिळलं.

तेव्हापासून भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला टेलरबाईनं एकच सांगितलं. कुत्रा मालकाला टाकून आला. लोकांनी माना डोलावल्या. कुत्र्याला इमानी म्हणतात आणि हे बघा. शेजारीण म्हणाली, "खाल्ल्या घरचे वासे मोजणारं निघालं."

मेंढ्या आता आपल्या आपण जातात. ती सकाळी फाटक उघडते. कुत्रा त्यांना कालव्यापर्यंत नेतो, पाचला परत आणतो. मग फाटकाच्या डाव्या बाजूला उभा राहतो, तोंड कालव्याकडे. थांबून थांबून भुंकतो. आत येत नाही. ती फाटक लावते आणि येऊन मशीनवर बसते. त्या वेळी ती सुईत दोरा घालत नाही, कापडही ठेवत नाही. रिकामी मशीन जोरात चालवते, आवाज झाकला जाईपर्यंत. एकदा शेजारणीनं विचारलं, "रोज पाचला कुणाचं एवढं अर्जंट शिवता हो?"

"आहे एकाचं," ती म्हणाली.

लेक शहरात डोळ्यांच्या दवाखान्यात काम करते. आईचं 'ते कुत्रं नजरेसमोर नको' ऐकून ऐकून तिनंच मेंढपाळाला निरोप धाडला. रविवारी तीही घरी आली. मेंढपाळ दुपारी आला, पायरीवर बसला, चहा बशीत ओतून प्यायला. त्याच्याकडे दोनशे मेंढ्या आणि एक म्हातारी कुत्री. त्याला शिपाई हवाच होता.

"नेतो ताई. पण कुत्रं देणाऱ्यानं खोड सांगायची, ही आमच्यात रीत आहे. दडवली तर घेणाऱ्याची मेंढरं मरतात."

"माणसाला टाकून येतो," टेलरबाई म्हणाली.

"मेंढ्या किती कमी होत्या?"

"एकही नाही. मी मोजल्या. अठरा."

"मग तो आत गेला?"

टेलरबाईनं उजवा तळवा पदराला पुसला. लेक म्हणाली, "दादा, त्यानं काय फरक पडतो? आला ना पळून."

"पडतो. पळपुटं कुत्रं आधी आत जाऊन कोपरा धरतं." त्यानं बशी खाली ठेवली. "हाताला काय लागलंय, ताई?"

तिच्या उजव्या तळव्यावर तीन वण आहेत, एका ओळीत, दोन-दोन बोटांच्या अंतरावर. सगळ्यांना तिनं मशीनची सुई लागली असं सांगितलं होतं. मेंढपाळानं आपली दोन बोटं हवेत धरली, जणू माप घेत होता. पट्ट्यात खिळे त्यानंच ठोकले होते.

"नाही गेला आत," टेलरबाई म्हणाली. "बाहेर उभा राहून भुंकत होता. कालव्याकडे तोंड करून. मला वाटलं, हे बसले असतील शेजाऱ्यांच्या पाण्याच्या पंपावर गप्पा मारत. चाळीस कॉलर बाकी होत्या, सकाळी द्यायच्या होत्या. मेंढ्या पुऱ्या होत्या. मी त्याचा पट्टा धरला, ओढून आत घेतला आणि कडी लावली. खिळे हातात गेले तेव्हा त्यालाच शिवी दिली."

वाड्यात एक मेंढी खोकली.

"किती वेळ भुंकला?" लेकीनं विचारलं.

"बराच वेळ," टेलरबाई म्हणाली. मग नीट म्हणाली, "सातपर्यंत. मी शिवत होते."

लेक उठली, कपबशा घेऊन आत गेली. तीन कपबशांवर पाणी फार वेळ वाहत राहिलं. मेंढपाळानं आणलेली दोरी गुंडाळून पिशवीत घातली.

"मग नेऊ की नको?"

"नको."

"बरं झालं. खोड असती तर मी मोडली असती, याच्यात खोडच नाही, याला मी काय शिकवणार," असं म्हणून तो गेला. लेक संध्याकाळच्या गाडीनं गेली. पोचल्यावर फोन करते म्हणाली. फोन आला नाही.

सोमवारी पावणेपाचला टेलरबाईनं चपला घातल्या, भिंतीला टेकलेली नवऱ्याची काठी घेतली आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा कालव्यापर्यंत गेली. मेंढ्या परत फिरल्या. ती त्यांच्या मागून चालली. शेजारणीनं दारातून पाहिलं आणि चहा टाकायचं विसरली.

फाटकाशी कुत्रा डाव्या बाजूला उभा राहिला. अठरा आत गेल्या. मागून ती आत आली, काठी भिंतीला टेकवली आणि फाटक धरून थांबली. कुत्र्यानं तिच्या हाताचा वास घेतला, तळव्याचा. मग मान वळवून ती आली त्या कालव्याच्या वाटेकडे पाहत राहिला.

या वेळी तिनं कडी लावली नाही. मशीनवरही गेली नाही. त्याच्या बाजूला उभी राहून तीही तिकडेच बघत राहिली.