परळीला सोडलेली पालेभाजी

आमच्या शाळेतलं पालेभाजीविरुद्धचं बंड एका श्रावण सोमवारी परळीच्या देवळात सुरू झालं आणि मला त्याचा पत्ता लागला मंगळवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत.

मी केजला राहते आणि जवळच्याच एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. रोज काळी-पिवळी जीपमध्ये चौघींच्या जागेत पाचवी म्हणून बसून जाते, त्यामुळे शाळेत पोचेपर्यंत माझ्या साडीची इस्त्री आणि माझा चांगुलपणा दोन्ही बऱ्यापैकी उतरलेले असतात. मुलींचा खो-खोचा संघ माझ्याकडे आहे. शाळेत असताना मी खेळायचे, असं एकदा मुख्याध्यापकांसमोर बोलून गेले, तेवढं पुरलं. दुपारच्या जेवणावर देखरेखही माझीच. ती का, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

त्या वर्षी शाळेमागच्या परसबागेत पालक, शेपू, मेथी चांगली तरारून आली होती. जेवण शिजवणाऱ्या मावशी त्यातली ताजी जुडी चिरून वरणात, खिचडीत घालायच्या. पोरं ताटात आधी उत्खनन करायची. पिवळं पोटात, हिरवं काठावर. मी ओळीतून फिरत डोळे वटारले की दोन घास आत जायचे आणि पाठ वळली की बाकीचं काठावर. तरी एकूण बरं चाललं होतं.

त्या मंगळवारी माझ्या संघातली सगळ्यात चपळ पोरगी ताट पुढे करून मावशींना म्हणाली, “माझ्यात वरचं वरचं वरण घाला. भाजी नगं. मी सोडलीय.”

“सोडलीय म्हणजे?” मी विचारलं.

“परळीला सोडली, मॅडम. काल गेलतो आमी.”

ही पोरगी पाचवीतली. शाळेच्या समोरच हिच्या आजोबांचं किराणा दुकान. घर शंकराचं, त्यामुळे श्रावणात एक तरी सोमवार वैद्यनाथाला ठरलेला. आता काशीला जाऊन आलेली माणसं एखादी भाजी किंवा फळ कायमचं सोडतात, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. हिचे आजोबाही काशीला जाऊन काहीतरी सोडून आलेले होते, हे तिनं घरी ऐकलेलं. पण लोक एक भाजी सोडतात. ही दुकानदाराची नात, हिनं घाऊक व्यवहार केला. मेथी, पालक, शेपू, चुका, करडई, जे काही हिरवं आणि पानाचं असेल ते सगळं एका नमस्कारात सोडून मोकळी.

“आणि कशासाठी सोडली?”

तिनं इकडंतिकडं बघितलं आणि हळू आवाजात सांगितलं, “तालुक्याला आपला संघ जिंकावा म्हणून.”

जे तिला मुळात नकोच होतं ते देवाला देऊन, जे हवं होतं ते तिनं मागून घेतलं होतं. असा नफ्यातला सौदा तिच्या आजोबांनी उभ्या जन्मात केला नसेल.

मी तिच्या आईला बोलावलं. आई पदर सावरत म्हणाली, “पोरगी लई हट्टी हाय, मॅडम. पण देवाचं हाय ना, आपण कसं मोडावं?” माझ्या सासूबाईंनी काशीला कारलं सोडलं आहे. त्यांनी कारलं आधीही कधी खाल्लेलं कुणी बघितलेलं नाही. त्यांना मी कधी काही म्हणाले नाही, मग या पोरीला कोणत्या तोंडाने म्हणू?

आठवडाभरात साथ पसरली. एकानं दोडका सोडला. दुसऱ्यानं मटकी ठेवली, पण तिचे मोड सोडले. परळी लांब पडते म्हणून तिसरीतल्या दोघींनी गावातल्या मारुतीलाच पालक वाहून टाकला. एक दिवटा उभा राहून म्हणाला, “मॅडम, मी शुद्धलेखन सोडलं.” त्याला मी सांगितलं की मी आजपासून माफ करणं सोडलंय. तो खाली बसला. ताटांच्या काठावर हिरवे ढीग वाढत गेले आणि शाळेमागं बांधलेली एक शेळी त्या दोन महिन्यांत अशी गुबगुबीत झाली की मी मनात म्हटलं, हिलाच संघात घ्यावं.

हसू पळालं ते गणपतीनंतर. एका सकाळी प्रार्थनेत माझी ही पळणारी पोरगी उभ्याउभ्या डुलली आणि मटकन खाली बसली. मी धावले. तोंड पांढरंफटक पडलेलं. “सकाळी काय खाल्लंस?” विचारलं तर म्हणे, चहा आणि टोस्ट. रात्री? दुकानातला मसाल्याच्या कुरकुऱ्यांचा पुडा. म्हणजे दिवसभराचं धड जेवण ते फक्त शाळेतलं, आणि त्यातही वरचं वरण. मला तिचा राग आला आणि तिच्या आईचाही.

त्याच महिन्यात आरोग्य तपासणीचं पथक आलं. डॉक्टरबाईंनी तिची खालची पापणी ओढून बघितली, नखं बघितली, रक्त तपासलं. “रक्त कमी आहे. गोळ्या देते, पण नुसत्या गोळ्यांवर भागायचं नाही. पालेभाजी, शेंगदाणे, गूळ पोटात गेलं पाहिजे. दिवाळीनंतर परत बघेन. तोवर खेळ बंद. रक्त वाढलं तर तालुक्याला पळेल, नाहीतर नाही.”

झालं. पोरगी पुरती कोंडीत सापडली. भाजी खावी तर नवस मोडतो आणि संघ हरतो. न खावी तर संघ खेळणार आणि ही बाहेर बसणार. गोळ्या ती मुकाट्यानं घ्यायची, गूळ-शेंगदाणे खायची, पण पालेभाजी म्हटलं की ओठ घट्ट. आधी हा तिचा आगाऊपणा होता, आता ती खरोखर घाबरली होती. रोज संध्याकाळी सरावाच्या वेळी मैदानाच्या कडेला बसून ती दुसऱ्यांना ओरडून सांगायची, “खांबाकडं, खांबाकडं!” आणि मधेच स्वतःच उठून उभी राहायची. मी सगळे उपाय केले. जीवनसत्त्वं फळ्यावर लिहिली, चित्रं काढली, शेवटी रागावले. ती म्हणाली, “मॅडम, तुमी देवाला वळखत न्हाई.” एवढं ऐकून घ्यायची सवय मला माझ्या घरीसुद्धा नाही.

दिवाळीच्या सुट्टीआधी एका पालकानं डोंगरातल्या आपल्या झाडांची सीताफळं मुलांसाठी पाठवली. दोन मोठ्या टोपल्या, फळं अशी पिकलेली की डोळे उकललेले. अशा वेळी गावातलं कुणीतरी मोठं माणूस वाटपाला बोलवायची आमची पद्धत आहे, म्हणून समोरच्या दुकानातून तिच्या आजोबांना हाक मारली. अप्पा आले. कपाळावर विभूती, आवाज असा की दुकानात कुजबुजले तरी बाजारगल्लीपर्यंत ऐकू जावं.

“घ्या रे घ्या! बिया गिळू नका, पोटात झाड येतंय!” असं ओरडत त्यांनी सगळ्या ओळींना फळं वाटली. शेवटी एक उरलं. चांगलं हातभर... नाही, हातभर म्हणजे अतिशयोक्ती होईल, पण अप्पांच्या पंजात मावेना एवढं होतं. पोरं ओरडली, “अप्पा, ते तुमाला!”

अप्पांनी ते फळ नाकाशी नेलं. डोळे मिटले. इतका वेळ वास घेतला की पोरंसुद्धा गप्प झाली. मग त्यांनी ते पहिलीतल्या एका पोराच्या ताटात ठेवलं आणि धोतराला हात पुसले.

“कावून न्हाई खाल्लं?” ओळीतून त्यांच्या नातीनंच विचारलं.

“मी काशीला सोडलंय.”

“तुमाला आवडत नव्हतं?”

अप्पा एवढे मोठ्यानं हसले की शेळीनं मान वर केली. “आवडत नव्हतं? अगं, सीताफळाचे दिवस आले की मी दुकान उघडं टाकून डोंगरात जायचो! तुझी आजी हाका मारून दमायची.”

“मग सोडलं कावून?”

“आवडतंच सोडायचं असतंय, बाळ. नावडतं सोडायला काशीला कावून जायचं? ते घरी बसून बी सोडता येतंय. देवाला काय आपला नासका माल द्यायचा का?”

मला एकदम माझ्या सासूबाई आठवल्या आणि मी पदर तोंडाला लावला. पण पोरगी हसत नव्हती. सीताफळाची फोड तिच्या हातात तशीच राहिली. दुकानात वाढलेल्या पोरीला नासका माल म्हणजे काय ते मला समजावून सांगायची गरज नव्हती. ती उठली, अप्पांच्या जवळ गेली आणि खालच्या आवाजात विचारलं, “देव बदलून देतो का?”

“काय बदलून?”

मग तिनं सगळं सांगितलं. परळी, पालेभाजी, तालुक्याचा सामना, डॉक्टरबाई. अप्पांना यातलं निम्मं माहीत नव्हतं. नात काहीतरी सोडून बसलीय एवढंच त्यांना कळलेलं, आणि त्याचं त्यांना कौतुकच होतं. ते तिथंच ओट्यावर बसले. त्यांच्या दुकानात गल्ल्याच्या वर पाटी आहे, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. ती पाटी गावात सगळ्यांना पाठ आहे आणि अप्पांनी ती आजवर कुणासाठी वाकवलेली नाही.

“देव काय दुकानदार हाय व्हय?” अप्पा म्हणाले. “देव घेतो बदलून. पण चांगला माल दे त्याला. तुला सगळ्यात जास्त काय आवडतंय, ते सोड.”

पोरगी विचार करायला लागली. मी बघत होते. हळूहळू तिचा चेहरा बदलला आणि डोळे भरून आले.

“अप्पा,” ती म्हणाली, “मग मला खो-खो सोडावा लागंल.”

एवढीशी पोर, आणि मनात कसलीही चलाखी न करता तिनं खरं उत्तर शोधून काढलं होतं. त्या क्षणी मला ती इतकी आवडली की तिला जवळ घ्यावं असं वाटलं, आणि मी घेतलंच.

अप्पांचाही आवाज पहिल्यांदा खाली आला. “न्हाई गं माझे आई. खेळायचं न्हाई सोडायचं. खायचंच सोडायचं असतंय. खाण्यात सगळ्यात जास्त काय आवडतंय?”

तिनं नाक पुसलं. आता तिच्यातली दुकानदारीण जागी झाली. तिनं अंदाज घेतला, घासाघीस करता येते का ते पाहिलं. “खारे शेंगदाणे?” अप्पांनी मान हलवली. “बरं, लिमलेटच्या गोळ्या?” अप्पांनी पुन्हा मान हलवली. शेवटी एक मोठा उसासा टाकून ती म्हणाली, “चहातला टोस्ट. आन् मसाल्याचे पुडे.”

“सगळे?” अप्पा म्हणाले. या वेळी उसासा त्यांचा होता. पुड्यांची माळ त्यांच्याच दुकानात दारावर लटकत असते.

दुसऱ्या दिवशी तिनं मावशींपुढं ताट धरलं आणि डोळे मिटून पालकाचं वरण खाल्लं. एरंडेल प्यावं तसं तोंड केलं, पण खाल्लं. बाकीच्यांची पंचाईत झाली. अप्पांचा कायदा साऱ्या शाळेनं ऐकला होता. दोडका सोडणाऱ्याला सगळे विचारू लागले, “तुला दोडका लई आवडायचा का बे?” चार दिवसांत नवस गुपचूप मोडीत निघाले. शेळी मात्र उतरली.

सकाळी चहा-टोस्ट गेल्यावर तिच्या आईला भाकरी करणं भाग पडलं. दिवाळीनंतर डॉक्टरबाईंनी पापणी ओढली, रक्त तपासलं आणि म्हणाल्या, “पळू दे.” मी त्यांना चहा पाजला आणि मैदानावर जाऊन शिट्टी अशी फुंकली की मुख्याध्यापक बाहेर आले.

तालुक्याला केजला सामने झाले. आमच्या पोरी अंतिम सामन्यापर्यंत गेल्या. ही अशी पळाली की समोरच्या संघाच्या बाई मला विचारायला आल्या, “हिला काय खाऊ घालता हो?” मी म्हटलं, पालेभाजी. त्यांना वाटलं मी टिंगल करतेय. तरी शेवटी एका गुणानं हरलो. पोरी रडल्या, मीही थोडी रडले, मग सगळ्यांना भूक लागली.

परत जाताना जीप स्टँडजवळ थांबली. पोरींनी मसाल्याचे पुडे घेतले आणि गाडीभर तो खमंग वास पसरला. हिनं पिशवीतलं फडकं सोडलं. भाकरी आणि मेथीची भाजी. पोरी लगेच मागं लागल्या. “आता हरलो की आपण! आता घे परत, खा पुडा!”

“दिलेलं परत घेत न्हाईत,” ती म्हणाली, थेट अप्पांच्या आवाजात, आणि भाजीचा घास तोंडात टाकून नाक मुरडलं.

मला राहवलं नाही. “काय गं, आवडायला लागली का मेथी?”

“न्हाई, मॅडम,” ती घास कसाबसा गिळत म्हणाली. “आवडली असती तर सोडता तरी आली असती.”