पाणी पंधरा

चांगल्या जाड स्टीलच्या वाटीला तळाशी मुद्दाम भोक पाडून घेणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. आमच्या नारायण पेठेतल्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या कुमुदताई. मी इथे राहायला आलो त्या पहिल्याच डिसेंबरात सकाळी सहाला कानटोपी चढवून दूध आणायला खाली उतरलो, तर ताई पार्किंगमध्ये पाटावर बसलेल्या. समोर तिपाईवर ती वाटी, वाटीत इंजिन ऑइल, भोकातून खालच्या पातेल्यात पडणारी तेलाची धार, आणि ताई मोठ्याने आकडे मोजताहेत. मी म्हटलं, "काय हो, काय चाललंय?" त्यांनी नुसता हात वर केला. धार तुटली तेव्हा म्हणाल्या, "बेचाळीस. हं, आता बोला. मध्ये बोलून माझा आकडा चुकवला असतात, तर मोटार तुमच्या दारात आणून उभी केली असती." मी दूध न घेताच वर आलो.

मोटार म्हणजे त्यांच्या वडिलांची काळी विलायती मोटार. वयाने माझ्यापेक्षा मोठी. तिला 'गाडी' म्हटलेलं ताईंना खपत नसे. "गाडीला बैल असतात," असं त्या तिथल्या तिथे सुनवायच्या. लग्न केलं नव्हतं. सगळी नोकरी खडकीला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत वंगणं तपासण्यात गेली होती, आणि निवृत्तीनंतर तपासायला हे एकच इंजिन उरलं होतं. दर रविवारी सकाळी त्या एकट्या मोटार काढून खडकवासल्याला जायच्या, धरणाच्या कडेला भाजलेलं कणीस खायच्या आणि परत यायच्या. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीसुद्धा. बाकीचा आठवडा त्या फेरीच्या तयारीत जायचा.

थंडी पडली की तेलाची परीक्षा. ओळख वाढून माझा 'तू' झाल्यावर एकदा त्यांनी मला ती समजावून सांगितली. "थंडीत तेल झोपलेलं असतं. ते उठून इंजिनात वर पोचेस्तोवर लोखंड लोखंडावर घासतं. म्हणून पातळ हवं. पण म्हाताऱ्या इंजिनात फटी पडलेल्या असतात. फार पातळ घातलंस तर तिथून निसटतं आणि जळून जातं. म्हणजे पातळ हवं, पण पाणचट नको." त्यांच्या वाटीतून गार तेल बेचाळीस आकड्यांत उतरलं की ते पास. आकडा कमी आला तर तेल पातळ, जास्त आला तर जाड. मी म्हटलं, "ताई, डब्यावर लिहिलेलं असतं की सगळं." त्यावर म्हणाल्या, "डब्यावर विश्वास असेल तर डबाच चालव." माझ्या स्कूटरलाही त्यांनी सोडलं नव्हतं. ती सुरू करताना खिडकीतून आवाज यायचा, "श्रीकांत, खोकतेय ती. काढा दे, नाहीतर तेल बदल."

तीन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात त्यांचा आकडा चौतीस आला.

ताई तडक कोपऱ्यावरच्या रमेशशेठच्या दुकानात गेल्या आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाल्या, "शेठ, तेल विकताय की तेलाचं पन्हं?" रमेशशेठ वीस वर्षं त्यांना तेल देणारे, मवाळ गृहस्थ. त्यांनी बिचाऱ्यांनी दुसरा सीलबंद डबा दिला. तेहतीस. मग मी दुसऱ्या पेठेतून डबा आणला. पुन्हा चौतीस. ताईंनी जाहीर करून टाकलं की सगळं पुणं भेसळ करतंय, आणि तक्रारीचा मसुदा लिहायला घेतला.

तो तिसरा डबा त्या मोजत होत्या तेव्हा मी शेजारी उभा होतो. काही मनात धरून नव्हे, सहज चाळा म्हणून मी मोबाइलवर घड्याळ लावलं. ताईंच्या तोंडी चौतीस झाले आणि धार तुटली. मोबाइलवर बेचाळीस सेकंद झाले होते.

तेल तेच होतं, तितकंच जाड, तितकंच चोख. ताईंचे आकडे लांबले होते. एका आकड्यावरून दुसऱ्यावर जायला त्यांना आता जास्त वेळ लागत होता आणि ते त्यांना कळत नव्हतं. वाटीला भोक होतं तेवढंच, थंडी होती तेवढीच, मोजणारी बाईच मंदावली होती. आणि हीच बाई रविवारी सिंहगड रस्त्यावरून मोटार चालवणार होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पातळ आहे ना रे?" मी मोबाइल खिशात टाकला आणि म्हणालो, "हो ताई, पातळच दिसतंय." ते वाक्य आठवलं की आजही मला माझी लाज वाटते.

मग ताईंनी आपल्या हिशेबाने जाड तेल आणून घातलं. पुढच्या रविवारी सकाळी बोट बधिर होईल अशी थंडी होती. मोटार सुरू होताना कण्हली, एकदा, दोनदा, आणि सुरू झाली ती आतून खडखडतच. ताईंनी क्षणात बंद केली. इतक्या वर्षांत तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. "ही थंडीत तेल मिळालं नाही म्हणून ओरडतेय," त्या हळू म्हणाल्या. "म्हणजे मी जाड घातलंय. म्हणजे आधीचं बरोबर होतं."

त्या उतरल्या, घरात गेल्या आणि वाटी आणि पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. पार्किंगच्या भिंतीवर, मीटरच्या खाली, त्यांनीच फार वर्षांपूर्वी पेन्सिलीने लिहिलेलं होतं, 'पाणी १५'. वाटीचं भोक नीट आहे की नाही हे पाहण्यासाठी पूर्वी त्या आधी पाणी मोजायच्या. हल्ली सोडून दिलं होतं. त्यांनी वाटी भरली, भोकावरचं बोट काढलं आणि मोजायला लागल्या. बारा. पुन्हा भरली. बारा. तिसऱ्यांदा भरली, तरी बारा.

"श्रीकांत," त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "खडकवासल्याचं पाणीही आता पातळ यायला लागलं का रे?"

मी तांब्या उचलून बाजूला ठेवला.

"त्या दिवशी तू घड्याळ लावलं होतंस. मी पाहिलं होतं. किती आले होते?"

"बेचाळीस."

"आणि मला पातळ म्हणालास."

"ताई, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"वाईट वाटायला मी काय लग्नातली विहीण आहे?" आवाज वर चढला आणि तसाच खाली आला. "मी प्रयोगशाळेत आयुष्य काढलं. साहेबांनी डोळे वटारले, कंत्राटदार घरी पेढे घेऊन आले, पण मी एक आकडा इकडचा तिकडे केला नाही. आणि माझाच आकडा तू माझ्यापासून लपवलास? रस्त्यात कुणी खाली आलं असतं म्हणजे?" त्यांनी मोटारीची किल्ली माझ्या हातावर ठेवली. त्यानंतर त्या कधीही स्टिअरिंगवर बसल्या नाहीत.

तिथून त्या घरात जातील असं मला वाटलं होतं. पण दहा वाजता रमेशशेठचं दुकान उघडलं तेव्हा ताई पायरीवर उभ्या होत्या. दुकानात गिऱ्हाइकं जमेपर्यंत थांबल्या आणि म्हणाल्या, "शेठ, तुमचं तेल चोख होतं. माझं मोजणं बिघडलं होतं. बोलले चारचौघांत, म्हणून सांगतेय चारचौघांत." बोललेला शब्द मागे घेताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. रमेशशेठ गल्ल्यावरून उठून उभे राहिले, काय करावं ते न सुचून त्यांनी चहा मागवला.

महिन्याभरात मेंदूच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. हातांचा कंप पुढच्या वर्षी आला, चाल त्यानंतर गेली. डॉक्टरांनी विचारलं होतं, "इतक्या लवकर कुणी येत नाही आमच्याकडे. तुमच्या लक्षात कसं आलं?" ताई म्हणाल्या, "तेल बदलताना."

पुढे दोन वर्षं रविवारी मोटार मी चालवली. ताई शेजारी बसून माझ्या गिअर बदलण्याला नावं ठेवायच्या. शेवटी शेवटी शब्द जड येत, पण टोमणा पूर्ण केल्याशिवाय राहत नसत. एकदा धरणाच्या कडेला कणीस हातात घेऊन म्हणाल्या, "माझ्यामागे थंडीत आधी पाणी मोजायचं. तोंडाने. आणि घड्याळ लावून. मोटारीसाठी नव्हे, तुझ्यासाठी." मी हसलो, त्या हसल्या नाहीत.

गेल्या पावसाळ्यात त्या गेल्या. मोटार माझ्या नावावर करून ठेवली होती, आणि तिच्या पुढच्या सीटवर वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती वाटी.

परवा थंडी पडली. मी पाटावर बसलो, मोबाइल शेजारी ठेवला, वाटीत पाणी भरलं आणि मोजायला लागलो. धार तुटली. मोबाइलवर पंधरा होते. माझ्या तोंडी चौदा.

घाईत चुकलं असेल म्हणून पुन्हा भरली. चौदा. तिसऱ्यांदा भरायला माझा हात उठेना. एका आकड्याने काय होतंय, गारठा आहे, झोप झाली नसेल, असं मी स्वतःलाच समजावत होतो, आणि ते समजावणं माझ्या ओळखीचं होतं. 'पातळच दिसतंय' म्हणालो होतो तोच हा आवाज. समोर भिंतीवर ताईंच्या अक्षरात 'पाणी १५' अजून तसंच होतं.

वर गेलो. माझी बायको नीला चहा गाळत होती. "झालं का तेल?" तिने विचारलं.

"तेल राहू दे," मी म्हटलं. "आधी बस. मला तुला एक आकडा सांगायचाय."