सात नंबर कुणाकडे बघते

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईलाही नाही. प्रणालीला तर नाहीच – आणि खरं तर सांगायला हवं होतं ते तिलाच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. म्हणजे हीसुद्धा पळवाटच का? असेल.

नाटकापासून सुरुवात करते.

आमच्या कॉलेजची एक संगीत एकांकिका होती. नृत्यपथकात चार जागा आणि निवडीला आलेल्या बारा मुली, छातीवर नंबर लावून एका ओळीत उभ्या. एकेक जण पुढे येते, नाचते, आपलं काही सांगते. शेवटी चार नंबर पुकारले जातात. प्रणालीचा सात नंबर. सगळ्यांत चांगली नाचणारी, आणि तरीही प्रत्येक प्रयोगात वगळली जाणारी. मी नाचत नव्हते. मी विंगेत वही घेऊन बसायचे, कुणी वाक्य विसरलं तर पुटपुटायचे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. त्या वहीचंसुद्धा मला फार अप्रूप होतं.

प्रणाली आणि मी नायगावच्या एकाच चाळीत वाढलो. नव्या इमारतींसाठी चाळ रिकामी केली, तेव्हा तात्पुरत्या घरांतही आम्ही एकाच मजल्यावर आलो. तिचे बाबा बसवर कंडक्टर. नाच म्हणजे हळदीत, गणपतीत नाचतात तो, त्यापलीकडे त्यांच्या लेखी काही नव्हतं. बी.कॉम. झाल्यावर तिला नाचाच्या अभ्यासक्रमाला जायचं होतं आणि ते विचारायचा तिला धीर होत नव्हता. नाटकाला बोलावलं की ते हसून म्हणायचे, तुला दर वेळी काढूनच टाकतात, ते बघायला काय यायचं?

मग नाटकाचा लघुपट करायचं ठरलं. मंदारदादा, कॉलेजचा माजी विद्यार्थी, नाटक त्यानंच बसवलं होतं. चाचणीचं चित्रीकरण झालं आणि तो अस्वस्थ झाला. रंगमंचावर प्रणालीचं रडू शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायचं. कॅमेरा जवळ नेला की तेच रडू खोटं दिसायचं. किती वेळा केलं! दादा कंटाळून मला म्हणाला, "तिला माहीत असतं गं, आपला नंबर येणार नाही. कॅमेऱ्यात ते दिसतं."

"मग तिला माहीतच नको," मी म्हणाले.

हे मी म्हणाले. दादा नाही. तो एवढंच म्हणाला, "लिहून आणशील?" आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी काही लिहून आणायला सांगितलं होतं.

मी शेवटची दोन पानं नव्यानं टाइप केली. त्यांत सात नंबर पुकारला जातो, आणि मग सात नंबर एकटी नाचते, पूर्ण गाणं. ती पानं मी प्रणालीच्या हातात दिली. तिनं ती दोनदा वाचली आणि मला मिठी मारली. पुढचे आठ दिवस ती आमच्या मजल्याच्या पॅसेजमध्ये तो नाच बसवत होती. मात्रा कोण मोजत होतं? मी. एक दोन तीन चार – हात उशिरा येतोय गं, परत घे. जो नाच होणारच नव्हता, त्यातल्या चुका मी तिला दाखवत होते.

इथपर्यंत तरी मी स्वतःला सांगू शकले असते की कामासाठी केलं. पण अजून एक आहे. ते मी थोड्या वेळानं सांगते – नाही, सांगते नक्की.

परळच्या एका जुन्या सभागृहात चित्रीकरण झालं. बारा जणी ओळीत. चौथा, शेवटचा नंबर पुकारायची वेळ आली, तेव्हा प्रणालीनं उजवा पाय अर्धा पुढे टाकलेला होता. दादा म्हणाला, "अकरा."

तिचा पाय तसाच राहिला. मग तिनं तो हळूच मागे घेतला, आणि मान वळवून एका बाजूला बघितलं. रडली नाही. नुसतं बघितलं. कॅमेरा चालू होता.

नंतर दादानं माझं नाव न घेता सगळं समजावलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. प्रणालीही हसली, चांगलं आलं ना मग, म्हणाली. खाली बस स्टॉपवर मात्र तिनं मला बाजूला घेतलं.

"तुला माहीत होतं?"

"नाही गं. आईशप्पथ."

"मला वाटलंच," ती म्हणाली. "तू असं नाही करणार."

ती दादाशी पुन्हा कधी बोलली नाही. त्यालाही ते लागलं, मला दिसत होतं. मी गप्प राहिले. लघुपटाच्या शेवटी 'पटकथा साहाय्य' म्हणून माझं नाव येतं. आईनं त्याचा फोटो काढून फोनवर लावलाय. अभ्यासक्रमाचं प्रणालीनं घरी कधी विचारलंच नाही. ती आता लोअर परळला एका ऑफिसात हिशेबाचं काम करते. रविवारी भेटली की माझ्या एम.ए.चं विचारते, आणि मी सांगते.

तीन वर्षं झाली. दर वर्षी नव्या मुलांना तो लघुपट दाखवतात, आणि त्या नजरेपाशी सगळे थांबतात. गेल्या आठवड्यात दादानं मलाच बोलायला उभं केलं. पहिल्या वर्षाच्या एका मुलीनं विचारलं, "ताई, शेवटी सात नंबर कुणाकडे बघते?" मी म्हणाले, ते ज्यानं त्यानं ठरवायचं. मुलांनी ते वहीत लिहून घेतलं.

ठरवायचं काही नाही. डावीकडे, खांबाजवळ एक प्लॅस्टिकची खुर्ची होती. त्या खुर्चीवर प्रणालीचे बाबा बसले होते. ड्युटी बदलून आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. फरशीवर चपला चालत नव्हत्या, म्हणून तिच्या चपलांची पिशवी त्यांच्या मांडीवर होती. अकरा नंबर ऐकल्यावर ते उभे राहिले आणि म्हणाले, "झालं ना? चल मग." ते वाक्य ध्वनिमुद्रणात आलं होतं. आम्ही ते काढून टाकलं.

त्यांना बोलवायचं तिच्या मनात नव्हतं. आधी होऊ दे, मग पडद्यावरच दाखवेन, असं ती म्हणत होती. मीच म्हणाले, या वेळी तुला काढत नाहीयेत ना, मग बोलव की बाबांना.

ते समोर असले की तिचा चेहरा कसा होईल, ते मला माहीत होतं.