त्याच्या नावावरची मोटरसायकल

माझ्या नवऱ्याला मोटरसायकल चालवता येत होती आणि मला ती दुरुस्त करता येत होती. एवढ्यावर आमचं सुखाने चालायला हरकत नव्हती. चाललं नाही, आणि त्यात त्याचा दोष फारसा नव्हता. हे आता लिहिते आहे. तेव्हा कुणी असं म्हटलं असतं, तर त्याला मी चहासुद्धा न विचारता परत पाठवलं असतं.

आम्ही पुण्याचे. सिंगापूरला आलो ते त्याच्या नोकरीमुळे. रॅफल्स प्लेसमधल्या एका बँकेत तो सॉफ्टवेअर सांभाळायचा, आणि मी पुढे नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लागले. बुकित तिमाहला एका कॉन्डो सोसायटीत भाड्याचा फ्लॅट, एक मुलगी, शनिवारी तिचं पोहणं, रविवारी मंडईसारख्या गजबजलेल्या हॉकर सेंटरमध्ये जेवण. या सगळ्यात त्याने स्वतःसाठी म्हणून एकच गोष्ट मागितली. कॉलेजात असताना त्याने एका मासिकातून एका इटालियन मोटरसायकलचं चित्र कापून ठेवलं होतं. ते लग्नानंतर आमच्या दोन घरांतून आणि एका विमानातून प्रवास करून आलं होतं. तीच गाडी, जुनी का होईना, त्याला हवी होती.

त्यासाठी त्याने काय केलं, तर इथे मोठी मोटरसायकल चालवायला लागणाऱ्या तीन परीक्षा दिल्या. एक पास झाली की वर्षभर थांबायचं, मग पुढची. चाळिशीला आलेला माणूस अठरा-वीस वर्षांच्या पोरांच्या रांगेत नंबराचं जॅकेट घालून उभा राहायचा. एका परीक्षेत तो नापास झाला, तेव्हा मी पुण्याला फोन करून सासूबाईंना सांगितलं, "तुमचा मुलगा बारावीनंतर पहिल्यांदाच मनापासून अभ्यास करतोय." तो पलीकडेच बसला होता. सुरुवात तिथपासून म्हणायला हवी.

सिंगापुरात गाडी घेतली म्हणजे ती आपली झाली, असं नसतं. ती रस्त्यावर ठेवण्याचा परवाना दहा वर्षांचा असतो, त्याला सीओई म्हणतात. मुदत संपली की तो नव्याने घ्यायचा, नाहीतर गाडी भंगारात घालायची. त्याला मिळालेली गाडी आधीच्या मालकाने एकदा अशी वाचवलेली होती. २०१२ साली आमच्याकडे आली तेव्हा तिची चार वर्षं उरली होती. "मुदत संपली की परत वाढवायची," नवरा म्हणाला. "ही मी मरेपर्यंत ठेवणार आहे." असं ठाम वाक्य त्याच्या तोंडून मी क्वचितच ऐकलं होतं. आमच्या लग्नाबद्दलही तो इतकं ठाम कधी बोलला नव्हता.

पहिल्याच रविवारी ओळखीची दोन मराठी कुटुंबं गाडी बघायला बेसमेंटच्या कार पार्कमध्ये आली. लाल टाकी, आणि इंजिनाच्या दोन बाजूंना दोन सिलिंडर बाहेर आलेले, कमरेवर हात ठेवून भांडायला उभ्या राहिलेल्या बाईसारखे. तिच्या स्टँडला स्प्रिंग होती. गाडीचा भार जरा हलका झाला की स्टँड आपोआप वर जायचा. हे विकणाऱ्याने त्याला सांगितलेलं होतं, पण चारचौघांत तो विसरला. त्याने गाडी जरा सरळ केली, मग विश्वासाने पुन्हा डावीकडे टेकवली, आणि गाडी आणि माझा नवरा दोघंही जमिनीवर आडवे झाले. पाहुणे हसले नसते. मी हसले, म्हणून त्यांना हसायची मुभा मिळाली.

महिनाभरात गाडी आचके देऊ लागली. सिग्नलला थांबली की बंद पडायची. एका इंडस्ट्रियल इस्टेटच्या तिसऱ्या मजल्यावर एक म्हातारा चिनी मेकॅनिक होता, सगळे त्याला अंकल म्हणत. पुढे लिटल इंडियात भाजी घ्यायची होती म्हणून मीही बरोबर गेले. अंकलने इंजिनाची झाकणं काढली आणि टॅपेट लावायला घेतले. आत दोन भागांमध्ये केसाएवढी फट ठेवायची असते. ती मोजायला पातळ पोलादी पट्ट्यांचा जुडगा असतो, फीलर गेज. पट्टी फटीत सरकली पाहिजे, पण जरा अडत. अंकलने ती आधी नवऱ्याच्या हातात दिली. त्याने ती कोंबली आणि वाकवली. अंकल च्च करत "अय्या" असं काहीसं म्हणाला आणि दुसरी पट्टी माझ्याकडे दिली.

माझं कामच काचेवर पेशींचे पापुद्रे ठेवण्याचं. पट्टी सरकवली आणि ती जिथे अडायला हवी तिथे अडली. अंकलने माझ्याकडे पाहिलं. "धिस वन गॉट हँड," तो म्हणाला. मग नवऱ्याच्या हातात टॉर्च देऊन म्हणाला, "यू होल्ड लाइट." आम्ही तिघंही हसलो. पुढची चार वर्षं त्याने टॉर्च धरला.

मला ती गाडी मनापासून आवडायला लागली, हे कबूल करते. चालवायला नव्हे, चालवायला मला कधी शिकावंसंही वाटलं नाही. मला ती कळायला लागली, त्याचा आनंद होता. पुस्तिका मागवली, तिचं इंग्रजी इतकं मोडकं होतं की इटालियन परवडलं असतं. कॉन्डोत गाड्या दुरुस्त करायला मनाई होती, पण पहाऱ्यावरचा माणूस मला डॉक्टर समजायचा, म्हणून तो दुसरीकडे बघायचा. खाली जुना पुठ्ठा पसरायचा, केस बांधायचे, पाने ओळीने मांडायचे. दोन कार्ब्युरेटर एकमेकांशी जुळले की इंजिनाचा आवाज कसा गोळीबंद होतो, हे मला वरच्या मजल्यावरून ऐकूनसुद्धा सांगता यायला लागलं. गाडी उभी असताना थ्रॉटल पिळला की ती उजवीकडे झुकायची. मला ते फार आवडायचं. त्याला वाटायचं, तो झोक त्याच्यासाठी आहे.

टॅपेट थंड इंजिनावरच लावायचे असतात. म्हणजे रात्रभर गाडी हलवायची नाही आणि सकाळी सगळ्यात आधी हात घालायचा. सिंगापुरात मोटरसायकल चालवण्यात सुख वाटेल असे दोन-तीन तास आठवड्यातून एकदाच मिळतात, रविवारी पहाटेपासून उन्हं तापेपर्यंत. ते तास मी घेतले. टॅपेट दर रविवारी लावावे लागत नाहीत, हे मला माहीत होतं आणि त्यालाही. तरी मी काही ना काही काढायची. "आज नको नेऊस, क्लच बघायचाय." तो हेल्मेट पुन्हा कपाटात ठेवायचा आणि टॉर्च घेऊन खाली यायचा. त्याने एकदाही नाही म्हटलं नाही, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

एकदा तो संध्याकाळी पावसात सापडला. दुसऱ्या दिवशी वायरिंगमधून पाणी निघालं. मी त्याला मुलीसमोर धू धू धुतला. "मला विचारल्याशिवाय तिला बाहेर काढायची नाही," म्हटलं. "गाडी तुझी नाहीये, फक्त तुझ्या नावावर आहे." तो वाळायला ठेवलेले बूट सारखे करत राहिला.

तो मला मागे बसायला बोलवायचा. "एक चक्कर मारू, मंडाईच्या जंगलापर्यंत. झाडं आहेत दोन्ही बाजूंना." मी म्हणायची, "तुझ्या मागे? मला मुलगी वाढवायची आहे." हे वाक्य मला इतकं आवडलं होतं की मी ते तीन-चार वेळा वापरलं, एकदा पाहुण्यांसमोर.

दसऱ्याला मात्र गाडी त्याची असायची. लिटल इंडियातून झेंडूचा हार आणायचा, गाडी पुसून लख्ख करायची, टाकीवर कुंकवाचं बोट लावायचं. तिसऱ्या दसऱ्याला तो हार बांधत होता. मी आणि मुलगी शेजारी उभ्या होतो. वरच्या मजल्यावरचे एक चिनी गृहस्थ लिफ्टकडे जाताना थांबले आणि त्यांनी कौतुकाने विचारलं की या गाडीचं इंजिन असं आडवं का असतं. नवऱ्याचा चेहरा उजळला. तो सांगायला तोंड उघडणार, तोच आमची आठ वर्षांची मुलगी तिच्या शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "डोन्ट आस्क पापा लाह. पापा ओन्ली होल्ड द टॉर्च."

ते गृहस्थ कसनुसं हसले आणि लिफ्टमध्ये शिरले. मी मुलीला रागवायला हवं होतं. पण तिची फेक इतकी अचूक होती की मला कौतुकच वाटलं, आणि ते माझ्या तोंडावर दिसलं असणार. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, मग हाराची गाठ पूर्ण केली. तो एवढंच म्हणाला, "तुझीच मुलगी." तेव्हा मला ती स्तुती वाटली.

मुदत संपायचं वर्ष आलं. परवाना वाढवायचा हे ठरलेलंच आहे, असं मी धरून चालले होते. मरेपर्यंत ठेवणार म्हणालेला माणूस, त्याला काय विचारायचं? मी पुढच्या दहा वर्षांची यादीसुद्धा केली होती. कुठले रबर बदलायचे, काय इटलीहून मागवायचं. त्या दसऱ्याला त्याने हार आणला नाही. "यंदा देव विसरलास वाटतं," मी म्हटलं. तो "विसरलो" म्हणाला आणि पेपर वाचत राहिला. त्याची विसरण्याची जातच नव्हती. तरी मला शंका आली नाही.

त्यानंतर एका रविवारी मी मोठी सर्व्हिसिंग काढली. इटलीहून मागवलेली क्लचची केबल आली होती. ती घातली, टॅपेट लावले, ऑइल बदललं, आणि दोन तास खपून कार्ब्युरेटर असे जुळवले की अंकलनेही पाठ थोपटली असती. नवरा शेजारी उकिडवा बसून टॉर्च धरून होता. एरवी त्याचा हात भरकटायचा आणि मी खेकसायची. त्या दिवशी उजेड जिथे हवा तिथेच पडत होता. मी बोलूनही दाखवलं, "चार वर्षांनी जमायला लागलं तुला." तो म्हणाला, "हो, झालंच शिकून."

पुढच्या शनिवारी सकाळी मुलगी पोहायला गेल्यावर त्याने दुसरं हेल्मेट माझ्यापुढे धरलं. "येतेस?" मी गेले. त्याच्यासाठी नव्हे, खरं सांगायचं तर मला माझं काम चालताना ऐकायचं होतं.

आणि तेव्हा मला कळलं की तो फार सुंदर चालवतो. चार वर्षं मी हे पाहिलंच नव्हतं. वळणावर तो गाडीला जबरदस्ती करत नव्हता, गिअर कधी बदलला ते पायाला कळत नव्हतं. बस आडवी आली तेव्हा ती येणार हे त्याला माझ्याआधी दिसलं होतं. तो मुद्दाम मंडाईच्या लांबच्या रस्त्याने गेला. दोन्ही बाजूंना खरंच झाडं होती. माझं इंजिन त्याच्या हाताखाली असं बोलत होतं की पुठ्ठ्यावर बसून मी ते कधीच ऐकलं नव्हतं. मी आधी मागचा दांडा धरला होता. मग तो सोडला आणि त्याच्या कमरेला धरलं. छान चालवतोस, असं त्याला सांगायचं माझ्या मनात आलं. वाऱ्यात ऐकू जाणार नाही, उतरल्यावर सांगू म्हटलं.

आम्ही उतरलो ते एका पत्र्याच्या फाटकाच्या आत. समोर चाकं नसलेल्या टॅक्स्या एकावर एक रचल्या होत्या. मला वाटलं, त्याला इथे एखादा जुना सुटा भाग बघायचा असेल. ऑफिसच्या खिडकीतून एका माणसाने कागद पुढे केला आणि विचारलं, "ओनर हू?"

"मी," नवरा म्हणाला, आणि मग इंग्रजीत पुन्हा सांगितलं. त्याने खिशातून स्वतःचं पेन काढून गाडी भंगारात देण्याच्या कागदावर सही केली. सही करायला त्याला अर्धं मिनिटही लागलं नाही. माझ्या सहीची कुठेच गरज नव्हती.

मी काय बोलले ते सगळं आठवत नाही. परत ने, असं म्हटलं, अजून मुदत वाढवता येते, हेही म्हटलं. खिडकीतल्या माणसाने एकदा माझ्याकडे आणि एकदा त्याच्याकडे पाहिलं, आणि कागदावर शिक्का मारला. तोवर दुसऱ्या कामगाराने गाडी ढकलत नेऊन इंजिनाखालचा बोल्ट उघडला होता. आठवड्यापूर्वी मी भरलेलं ऑइल एका काळ्या घमेल्यात पडत होतं, अजून मधाच्या रंगाचं. मी त्याला म्हटलं की हे ऑइल नवं आहे. "न्यू, ओल्ड, सेम सेम," तो म्हणाला.

मग नवऱ्याकडे वळून मी विचारलं, "कधी ठरवलंस?"

"दसऱ्याच्या आधी."

"आणि तरी गेल्या रविवारी मला टॅपेट लावू दिलेस? केबल घालू दिलीस? टॉर्च धरून बसलास?"

"तुला आवडतं ना," तो म्हणाला.

तो चिडलेला नव्हता. तो हसत होता, अगदी थोडंसं, चारचौघांत मी हसायची तसं. मला त्याचा भयंकर राग आला, आणि त्याच वेळी मला त्याची भीतीही वाटली. आपण या माणसाचं काय करून ठेवलंय, हे मला पहिल्यांदा दिसलं.

आम्ही एकेक हेल्मेट हातात घेऊन बस स्टॉपवर उभे राहिलो. मुलीला दुपारी पोहण्याच्या क्लासहून आणायचं होतं, त्याबद्दल दोन वाक्यं बोललो. उतरल्यावर सांगू म्हटलेलं ते वाक्य माझ्याकडेच राहिलं. आम्ही अजून एकत्र आहोत, मुलगी मोठी झाली आहे, आणि ते मी त्याला अजून सांगितलेलं नाही. आता सांगितलं तरी त्याला तो टोमणाच वाटेल.