मास्तरांचे बूट आणि पेन्सिलीची रेघ

कुडाळच्या बाजाराचा दिवस. सकाळपासून मी फुटक्या बाटलीच्या काचेने बुटाच्या तळव्याची कड खरवडत बसले होते... आणि मनात एकच, हे बूट एकदाचे दुकानाबाहेर गेले की सुटले मी.

पंच्याऐंशी-शहाऐंशी साल असेल. आमचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. सासरे मापाचे बूट शिवायचे, त्यांना आम्ही आबा म्हणायचो. नवरा रेडीच्या बंदरात जहाजात खनिज भरायच्या कामावर, त्यामुळे शेवटचं घासणं-चमकवणं सगळं माझ्या गळ्यात पडलेलं. लग्न ठरवताना हे कुणी सांगितलं नव्हतं.

लोकांना वाटतं पॉलिश मारलं की झालं. कसलं काय... आधी काच, मग कानस, मग घासकागद. कडेला काळी शाई, तिच्यावर मेण, आणि गरम लोखंडाने ते मेण आत जिरवायचं. मग बोटाला फडकं गुंडाळून वरच्या चामड्यावर पॉलिशचे थर, एक वाळला की दुसरा. आणि मे महिन्यात आमच्याकडे इतकं दमट की वाळायचं नावच नाही. तीन दिवस गेले त्या एका जोडात. पाठ माझी राहिलीच नव्हती.

बूट होते मास्तरांचे... गावच्या शाळेचे हेडमास्तर, माझ्या नवऱ्यालाही त्यांनीच शिकवलेलं. माणसाचा जन्म चपलेत गेला. चार दिवसांवर निवृत्तीचा निरोप समारंभ, मुंबईच्या मुलाने सूट पाठवलेला, आणि सुटाखाली चप्पल कशी घालणार. म्हणून आयुष्यातला पहिला बूट आमच्याकडे.

ते न्यायला आले. खुर्चीत बसून त्यांनी बूट घातले, आबांनी नाड्या बांधल्या. "बरे आसत," मास्तर म्हणाले. मग उठून दारापर्यंत गेले आणि चौकटीवर हात टेकला... चेहऱ्यावर काही नाही.

पण त्या चामड्याचा कण न् कण मी तीन दिवस घासलेला. पाऊल टाकल्यावर सुरकुती जिथे पडायला हवी तिथे पडलीच नाही. करंगळीपाशी मात्र चामडं फुगून आलं... पाय आत चेंगरत होता.

आणि मला माप घेतलं तो दिवस आठवला. एरवी गिऱ्हाईक कागदावर उभं राहतं आणि आबा पावलाभोवती पेन्सिलीने रेघ मारतात. अंगाचा भार पडला की पाऊल पसरतं, हे मला त्यांनीच शिकवलेलं. पण मास्तर आपल्या दुकानात आले याचंच त्यांना इतकं अप्रूप, की त्यांना उभं ठेवणं आबांच्या जिवावर आलं. खुर्ची दिली, मास्तरांचं पाऊल स्वतःच्या मांडीवर घेतलं, आणि बसल्या पायाचंच माप कागदावर काढलं.

खरं सांगते, मी गप्प बसणार होते. बूट रुंद करायचे म्हणजे चामडं ओलं करून पुन्हा लाकडी साच्यावर ताणायचं... आणि माझं सगळं पॉलिश मातीत. मास्तर स्वतः काही बोलत नव्हते, आबांचा चेहरा फुललेला. मी कशाला मध्ये पडू.

तेवढ्यात मास्तर पायरी उतरायला लागले. आधी एक पाय, मग थांबून दुसरा... आणि अख्ख्या गावासमोर हा माणूस तीन तास स्टेजवर असाच उभा राहणार. मला राहवलं नाही.

"मास्तरांनू, मागे येवा. कागदार जरा उभे रवा."

मास्तर ओशाळले. "चावतत थोडे... पण एका दिवसाचो प्रश्न, काडीन मी." तरी आले, बूट काढले आणि त्या दिवशीच्या मापाच्या कागदावर उभे राहिले. पाऊल रेघेच्या अर्धं बोट बाहेर.

आबा त्या रेघेकडे बघत राहिले. मला वाटलं, आता आपली धडगत नाही. पण ते एवढंच म्हणाले, "चूक माजी, मास्तरांनू. समारंभाच्या सकाळी घेवन जावा."

पुढचे दिवस काय सांगू... साच्याच्या दोन्ही बाजूंना आबांनी चामड्याच्या पट्ट्या ठोकल्या, ओले बूट त्यावर चढवले, आणि ते वाळेपर्यंत आम्ही दोघं वाट बघत बसलो. मग शाई, मेण, पॉलिश, सगळं पहिल्यापासून. मी चिडलेली होते, आणि ते लाजलेले असावेत असं आज वाटतं. पहिली चमक काही परत आली नाही... ते मला अजून सलतं.

समारंभाच्या दुसऱ्या दिवशी मास्तर मुद्दाम येऊन गेले. पायात आपली जुनी चप्पल. तीन तास उभा होतो, म्हणाले, पण पाय आहेत याची आठवणसुद्धा झाली नाही.

ते गेले आणि मी झाडू हातात घेतला, तर आबांनी हाक मारली. जमिनीवर कोरा कागद पसरलेला. "हेच्यार उभी रव गो."

बुटांच्या घरात सात वर्षं झाली होती मला, आणि पायात कायम बाजारातली रबरी चप्पल. म्हातारा माणूस वाकून सुनेच्या पावलाभोवती पेन्सिल फिरवत होता... कुठे बघावं ते मला कळेना.

त्या मापाच्या चपला काही झाल्या नाहीत. गणपती आले, गेले, कामं येत राहिली, आणि मग आबाच गेले. मी कधी मागितल्या नाहीत, त्यांनी पुन्हा विषय काढला नाही.

आज कपाट आवरताना तो कागद सापडला. उगाच उभी राहिले त्यावर... पाऊल रेघेच्या चांगलं बाहेर आलं. इतकी वर्षं भार पडलाय, पसरणारच.

चपलेचं दुःख नाही, आबा. तुम्ही वाकून माझं माप घेतलंत... तेवढं पुरलं मला.