चाकं पोटात घेणारं विमान

या देशात काम नीट करणारा एकच माणूस उरला आहे आणि तो आमच्या गुहागरात, आमच्या गडग्यापलीकडे राहतो. अतिशयोक्ती वाटत असेल तर कुठल्याही कचेरीत एक चक्कर मारून या आणि मग पुढे वाचा. हे आमचे शेजारचे काका. तीस वर्षं बोटीवरची इंजिनं सांभाळून निवृत्त झाले. लोक निवृत्तीनंतर देवधर्माला लागतात, काका रिमोटवर उडणाऱ्या विमानांना लागले. पहिली पाच विमानं त्यांनी सुपारीच्या झाडांना वाहिली. सहाव्याची चाकं मात्र उडाल्यावर पंखात मिटली पाहिजेत, असा त्यांचा हट्ट. "कावळा उडताना पाय लोंबकळत ठेवतो का गो?" या एका प्रश्नापायी दोन वर्षं गेली. जेवणाच्या टेबलावर पंख पसरलेले, म्हणून काकू जमिनीवर पाट मांडून वाढायच्या. "माझा संसार विमानतळावर आहे," म्हणायच्या. चाकं कधी मिटायची याचा सराव काका झोपाळ्यावर करत. झोका पुढे गेला की "आत!", मागे आला की "बाहेर!" शेजारी बसलेल्या पाहुण्यालाही पाय उचलावे लागत. एकदा आमच्या तालुक्याचे एक पुढारी दहा मिनिटं पाय वरखाली करत होते. त्यांनी लोकांसाठी एवढे कष्ट घेतलेले मी तरी दुसऱ्यांदा पाहिलेले नाहीत.

खाडीत रसायनांनी मेलेल्या माशांवर मी पत्रक काढलं तेव्हा गावाने त्याच्या पुड्या बांधल्या. शेवटपर्यंत वाचलं फक्त काकांनी, आणि पेन्सिलने खुणा करून परत दिलं. "'सगळे मासे मेले' लिहिलंयस. मोजलेस?" मी भडकले. दुसऱ्या दिवशी ते हाफपॅन्ट घालून माझ्यासोबत चिखलात उतरले आणि दुपारपर्यंत एकेक मासा मोजला. माझा पुढचा अर्ज कचेरीतल्या साहेबांना टोपलीत टाकता आला नाही, तो त्या मोजणीमुळे. हे उपकार मी विसरणार नाही.

पंखातल्या खाचा कोरताना काकांची बोटं थरथरायला लागली होती. "हे मोडलं तर सातवं नाही," असं ते काकूंना म्हणाले, आणि काकूंनी डोळे पुसत मला सांगितलं. हे माहीत असूनही मी तोंड घातलं. चाकांच्या बिजागऱ्यांसाठी त्यांनी तेलाचा डबा काढला, तशी मी म्हणाले, "काका, ही रसायनं आपल्या घरात? दारी माड असताना?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डबा बंद केला. "घरचं खोबरेल आण." भर दुपारी टेबलावर चाकं लोण्यासारखी फिरली.

जानेवारीतल्या सकाळी, ऊन डोंगराआड असताना, आम्ही ओहोटीच्या ओल्या वाळूवर गेलो. काकूंनी तेल चुलीवर पातळ करून दिलेलं. विमान उठलं, चाकं मिटली, मी टाळ्या पिटल्या. उतरायची वेळ आली. काकांनी कळ दाबली. चाकं हलेनात.

"आज सकाळी डोक्याला लावायचं तेल कसं होतं गो?"

"घट्ट," मी म्हणाले. थंडीत खोबरेल गोठतं हे कोकणातल्या पोरीला बोलता यायच्या आधी कळतं.

"हं," काका म्हणाले. त्यांचा हात आता चांगलाच हलत होता. "खांदा दे. हलू नकोस. आणि भाषण करू नकोस."

कोपर माझ्या खांद्यावर टेकवून त्यांनी विमान खाली आणलं, आणखी खाली आणलं, आणि लाटेच्या पातळ पाण्यावर पोटावर सरकवलं. पुढचा पंखा तुटला. बाकी शाबूत.

"चूक माझी," मी म्हणाले.

"तेल मी घातलं," काका म्हणाले, आणि काकूंनाही तेच सांगितलं.

विमान उताणं ठेवून आम्ही वाळूवर बसलो. डोंगरावरून ऊन आलं, पंखातल्या खाचांवर पडलं, आणि झोपेतून उठलेल्या मांजरासारखी दोन्ही चाकं सावकाश बाहेर आली. काका इतके हसले की त्यांना ठसका लागला.

नवा पंखा बसला, बिजागऱ्यांत डब्यातलं तेल पडलं. आता काका एकटे विमान उडवत नाहीत, खांदा द्यायला मी जाते. तेवढा वेळ मी एक शब्द बोलत नाही. त्यांच्या हाताची थरथर माझ्या खांद्यात उतरत राहते, आणि वर विमान अगदी सरळ जात असतं.